रोजच्या वापरासाठी उघड्या टपाची गाडी

आपण बीएमडब्ल्यू झेड४ रोज कामावर नेण्याचे ठरवले आहे, त्याला माझा विरोध नाही. मात्र रत्नागिरीत वर्षाला ३००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, हे धरूनच पुढचा विचार करावा. कापडी टपाच्या कडेने झिरपलेले पाणी बारीक नळ्यांवाटे खाली जाते, आणि त्या नळ्यांत सुरूची पाने किंवा आंब्याचा मोहोर अडकला, की तेच पाणी आसनाखालच्या गालिच्यात मुरते. माझ्या गाडीतला कुबट वास कुठून येतो, हे शोधण्यात माझा एक अख्खा आषाढ गेला. म्हणून मृग लागण्यापूर्वी नळ्यांतून नायलॉनची मऊ दोरी हलक्या हाताने फिरवून घ्यावी. ओला टप दुमडून ठेवू नये, त्याला बुरशी धरते. ताशी ५० किलोमीटरपर्यंतच्या वेगात हा टप चालत्या गाडीतही मिटतो खरा, पण सर अंगावर आल्यावर आंबा घाटाच्या वळणावर तो खटाटोप नको. खाऱ्या वाऱ्यामुळे गाडीचा तळ आठवड्यातून एकदा गोड्या पाण्याने धुवावा. उंच गतिरोधक तिरका ओलांडावा. माडाखाली गाडी उभी करू नये, हे कोकणातल्या माणसाला सांगायला नकोच.