कॉफी थेट शेतकऱ्याकडून घेताय? मग आधी एवढं बघा

पहिल्याच वर्षी कोडगू (कर्नाटक), वायनाड (केरळ), अराकू (आंध्र) असं सगळीकडे पळू नका. एकच भाग धरा: अराबिका (सौम्य चवीची जात) हवी तर अराकू, रोबस्टा (कडक, कडवट जात) हवी तर वायनाड.

नवखे हमखास फसतात ते भावात. सालासकट वाळवलेली चेरी (म्हणजे कॉफीचं फळ), पार्चमेंट (गर काढून आतल्या टरफलासकट वाळवलेलं बी) आणि सोललेलं बी, तिन्हींचे भाव वेगळे. ५० किलो सुक्या रोबस्टा चेरीतून बी जेमतेम २५-२८ किलो निघतं. हा हिशोब न मांडता 'स्वस्त मिळाली' म्हणू नका.

- ओलावा मीटरनेच मोजा. १२ टक्क्यांच्या वर गेला की बुरशीची भीती. (दाताखाली धरून सांगणारे भेटतील, ऐकून घ्या, मीटर लावा.)
- नमुना पोत्याच्या तळातूनही काढा.
- पैसे थकवू नका, तोडणीची मजुरी शेतकऱ्याला रोख मोजावी लागते.

कपिंगचे (चव घेऊन दिलेले) गुण वगैरे पुढच्या हंगामात. डिसेंबरात एक चक्कर मारा, अराबिकाची तोडणी चालू असते.