नोकरी करणारे विद्यार्थी गृहपाठ करून येत नाहीत, काय करावं?

तुमची अडचण अशी दिसते: शनिवार-रविवारची बॅच, सगळे नोकरदार, दर वेळी निम्मे लोक वही कोरी घेऊन येतात, आणि रागवावं तर काही जण तुमच्यापेक्षा वयाने मोठे. मी पुण्यात मोठ्या माणसांना जर्मन शिकवते, ए-वन (अगदी पहिली पातळी) ते बी-वन (मधली पातळी). म्हणून उत्तर भाषेच्या वर्गाला धरून देते.

रागवू नकाच, पण वयाचा मान म्हणून नव्हे. शाळेतल्या पोराला रागावलं तरी आई-बाप त्याला दुसऱ्या दिवशी पाठवतातच. चाळिशीतला माणूस मात्र "मॅडम, ऑफिसात काम वाढलंय" असा मेसेज टाकतो, आणि मग तो गेलाच. गृहपाठ राहिला तर भरून काढता येतो. तो राहिल्याच्या संकोचाने बुडवलेले तास कसे भरून काढणार? म्हणून पहिल्याच दिवशी सांगते: झालं नसलं तरी यायचं, आणि कारण सांगायचं नाही. हिंजवडीचं ट्रॅफिक मलाही माहीत आहे.

आता "असू दे, चालेल" म्हणून तोच गृहपाठ फळ्यावर सोडवून देणं, हे रागावण्यापेक्षा वाईट. न केलेले फळ्यावरून उतरवून घेतात, केलेल्यांना वाटतं आपण उगाच जागलो, आणि पंधरा दिवसांत तेही करणं सोडतात. त्यापेक्षा पुढचा तास गृहपाठावरच उभा करा. कर्माची विभक्ती शिकवल्यावर मी वीस गाळलेल्या जागा देत नाही. घरच्या फ्रीजमध्ये काय आहे, काय नाही, याची पाच वाक्यं लिहून आणायला सांगते. तासाची सुरुवात जोडीने: एकाने विचारायचं "हास्ट डू आइनेन आप्फेल?" (तुझ्याकडे सफरचंद आहे का?), दुसऱ्याने आपल्या वाक्यांवरून उत्तर द्यायचं. ज्याने आणलं नाही त्याने आधी बाजूला बसून ती पाच वाक्यं लिहायची, मग यायचं. शिक्षा नाही, पण गंमत चुकते ना! ("न करणाऱ्याने सगळ्यांना वडापाव" हा दंड काही वर्गांत असतो. लोक आनंदाने वडापाव आणतात, गृहपाठ आणत नाहीत.)

दुसरं म्हणजे, वर्गात होऊ शकतं ते घरी देऊ नका. ए-वनच्या परीक्षेत लिहायचं असतं ते एक फॉर्म आणि साधारण ३० शब्दांचा निरोप. तो मी वर्गातच लिहून घेते, लगेच तपासते. फ्रीजसारखी पाच वाक्यं सोडली, तर घरीच होऊ शकतं असं एकच काम उरतं: शब्द पाठ करणं, तेही डेर, डी, डास (नामाचं लिंग दाखवणारे शब्द) सकट. रविवारी आठवड्याभराचा ढीग दिला तर तो शुक्रवारी रात्री अकराला उघडला जातो. म्हणून रोज थोडेच शब्द, आणि कंपनीच्या बसमधून ग्रुपवर मिनिटभराचा व्हॉइस मेसेज. एक ओळ न लिहिणारे लोकही बोलून पाठवतात.

शब्द "वाचले" म्हणणाऱ्यांवर मी विश्वास ठेवत नाही. झाकून आठवायचे. रोडिगर आणि कार्पिके या मानसशास्त्रज्ञांच्या २००६ च्या प्रयोगात उतारा पुन्हा पुन्हा वाचणारे पाच मिनिटांनंतर पुढे होते, आठवड्यानंतर मात्र न बघता आठवून लिहिणारे पुढे गेले. आपला तास आठवड्यानंतरच असतो.

कोण कशासाठी आलंय तेही बघा. नवऱ्याकडे जर्मनीला जायचं म्हणून ए-वन हवं असलेली मुलगी बहुधा न सांगता करते. नर्स असेल तर तिच्या ड्यूटीचा चार्ट विचारून घ्या, नाइटच्या आठवड्यात काही देऊ नका. म्युनिकच्या नातीशी बोलायला शिकणारे आजोबा चुका करत आनंदात असतात, त्यांना छळू नका. अवघड असतात ते फी कंपनीने भरलेले. त्यांच्या खिशातून काही गेलेलं नसतं.

एवढं करूनही एखादा काहीच करत नसेल, तर वर्गासमोर नको, तास संपल्यावर एकट्याला थांबवा. परीक्षा कधी द्यायची आहे ते विचारा, मागच्या एखाद्या पेपरातले गुण समोर ठेवा. ए-वन पास व्हायला १०० पैकी ६० लागतात, चाळीस पडत असतील तर आकडा पुरेसा बोलका असतो. मग सरळ सांगा, पुढच्या बॅचमध्ये पुन्हा बसा. हे बोलणं परीक्षेची फी भरण्याआधी उरका. फी भरल्यावर कुणी ऐकत नाही.