कोरड्या डोळ्यांच्या नव्या थेंबांची चाचणी इतकी अवघड का असते?

कारण तुलनेसाठी दिलेले औषधाविना थेंबही डोळा ओला करतातच! त्या गटालाही बरं वाटतं. मग औषधाचा वेगळा गुण दाखवायचा कसा?

मोजमापही लहरी. खालच्या पापणीत टीपकागदाची पट्टी अडकवून ५ मिनिटं बसवतात. ती १० मिलिमीटरपेक्षा कमी भिजली की कोरडेपणाची शंका घ्यायची. (पट्टी टोचते, ते वेगळंच.) पण पट्टी कोरडी निघूनही एखाद्याची काही तक्रार नसते, आणि जिची पट्टी छान भिजली तिच्या डोळ्यांत मात्र वाळू गेल्यासारखं खुपत असतं. लक्षणं आणि मोजमाप, दोन्हींत फरक दाखवताना कंपन्या मेटाकुटीला येतात. लिफिटेग्रास्ट या कोरड्या डोळ्यांच्या थेंबांसाठी अमेरिकेच्या एफडीएने (औषधांना परवानगी देणाऱ्या सरकारी संस्थेने) २०१५ साली आणखी एक चाचणी मागितली. परवानगी मिळायला जुलै २०१६ उजाडला.