"मॅडम, बीएस्सी करून करायचं काय?"

तीन वर्षांपूर्वीचा जुलै. निफाड तालुक्यातले एक शेतकरी मुलीला घेऊन नाशिकला माझ्याकडे करिअरचा सल्ला घ्यायला आले. (ओळख पटेल असे तपशील बदललेत, मुलीला आपण ऋतुजा म्हणू.) खुर्चीत नीट बसायच्या आत त्यांनी पिशवीतून गुणपत्रिकांचा गठ्ठा काढून टेबलावर ठेवला. नीट दोनदा देऊन झाली होती, दुसऱ्यांदा तर लातूरला राहून. "दोन वर्षांचा कांदा त्यात गेला," ते म्हणाले. सरकारी एमबीबीएसला नंबर लागणार नव्हता, खासगीची फी झेपणारी नव्हती. राहिलं काय, तर तिसऱ्यांदा नीट, नाहीतर बीएस्सी. "आणि बायो घेऊन डॉक्टर नाही झाली, तर बीएस्सी करून करायचं काय पोरीनं?"

ऋतुजा ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत, सोडत बसली होती.

निकाल लागले की हा प्रश्न माझ्या खोलीत आठवड्यातून दोन-तीनदा तरी येतो. २०२४ साली नीटला २३ लाखांहून जास्त मुलं बसली आणि देशभरात एमबीबीएसच्या जागा होत्या लाखाच्या थोड्या वर. म्हणजे बाकीचे २२ लाख नापास, असं आपण बिनदिक्कत धरून चालतो. त्यातली पुष्कळ मुलं मग बीएस्सीला प्रवेश घेतात तो एसटीच्या थांब्यावर उभं राहावं तसा: गाडी आली की निघू. अशी मुलं वर्गात नसतात, प्रॅक्टिकलला नसतात. मग तीन वर्षांनी बीएस्सीत काही नाही, हेही तीच सांगतात.

वडिलांना मी बाहेर चहाला पाठवलं. 'तुला काय आवडतं' हे मी विचारत नाही, त्याचं उत्तर मुलं पाठ करून येतात. मी विचारलं, "बायोमधलं असं काय आहे, जे परीक्षेत येणार नसतं तरी तू वाचलं असतंस?"

बराच वेळ गप्प. मग म्हणाली, "कांदा."

अकरावीला सरांनी घरून कांदा आणायला सांगितला होता. हिने घरच्या कांदाचाळीतलाच नेला. पाण्याच्या ग्लासावर ठेवला, तीन दिवसांत पांढरी मुळं सुटली. मुळांची टोकं कापून, रंगात गरम करून काचपट्टीवर ठेवली, वर झाकणकाच, टिपकागद, आणि अंगठ्याने दाब. "जास्त दाबलं तर काच फुटते, कमी दाबलं तर पेशी एकावर एक बसतात," ती अंगठा टेबलावर दाबून दाखवत होती. "कांद्यात १६ गुणसूत्रं असतात ना? मला ११ च मोजता आली. बाकीची एकमेकांवर चढली होती. तास संपला, पण मी थांबले." मग आपणहून पुढे: "एकाच वाफ्यात एका रोपाला डेंगळा, म्हणजे फुलाचा दांडा, येतो आणि शेजारच्याला येत नाही, हे का, ते अजून मला कोणी सांगितलं नाही."

ओढणी कधीच सुटली होती.

वडील आत आल्यावर मी बोलणार, तेवढ्यात तीच म्हणाली, "पप्पा, मला तिसऱ्यांदा नाही द्यायची." त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी तिला शिकवून ठेवलं असं त्यांना वाटलं असावं.

मी त्यांना विचारलं, सोयाबीन कुठलं पेरता? ते म्हणाले, "एमएसीएस ११८८." बॅगेवरची ती अक्षरं पुण्यातल्या एका संस्थेची. १९४६ साली सुरू झालेली महाराष्ट्र असोसिएशन फॉर द कल्टिव्हेशन ऑफ सायन्स, आजची आघारकर संशोधन संस्था. तिथे काम करतात त्यांतले कितीतरी जण वनस्पतिशास्त्र, सूक्ष्मजीवशास्त्र शिकलेले. पेशींवर काम करणारी एनसीसीएस, विषाणूंवर काम करणारी एनआयव्ही, विज्ञान शिकवणारी आणि संशोधन करणारी आयसर, रसायनशास्त्राची एनसीएल, सगळं पुण्यातच.

पण गोड गोड बोलून मी त्यांना परत पाठवलं नाही. नुसत्या बीएस्सीवर चांगली नोकरी मिळणं अवघड आहे. औषध कंपनीच्या गुणवत्ता तपासणीत जागा मिळते, पण सुरुवातीचा पगार तुटपुंजा. पॅथॉलॉजी लॅबसाठी डीएमएलटीसारखा अभ्यासक्रम वेगळा करावा लागतो. कृषी शास्त्रज्ञाच्या बहुतेक पदांना कृषी पदवीच चालते, हेही सांगितलं. वनसेवेच्या परीक्षा आहेत, बीएड आहे. खरा रस्ता मात्र एमएस्सी आणि पुढे संशोधनाचा, म्हणजे लांबचा. त्यात जेआरएफ, म्हणजे संशोधनासाठीची शिष्यवृत्ती, मिळाली तर महिना ३७,००० रुपये आणि वर घरभाडं.

"शिकायचे पैसे तेच देतात?" वडील पहिल्यांदाच पुढे सरकून बसले.

देतात. मोजक्यांना, आणि कधीकधी चार-चार महिने उशिरा.

एका गोष्टीची मात्र हळहळ वाटली. आयसरची स्वतःची प्रवेश परीक्षा असते, बारावीनंतर थेट पाच वर्षांचं बीएस-एमएस. भुवनेश्वरच्या नायसर आणि मुंबईच्या सीईबीएस या तशाच संस्थांना जायला नेस्ट ही आणखी एक. बारावीच्या वर्षी आणि त्याच्या पुढच्या वर्षी, असे दोनदा ऋतुजा आयसरच्या परीक्षेला बसू शकली असती. नीटचाच अभ्यास बराचसा कामी आला असता. पण दोन वर्षांत ना कॉलेजात कोणी हे नाव काढलं, ना क्लासमध्ये. ती माझ्यासमोर बसली तेव्हा त्या वर्षीची परीक्षाही होऊन गेली होती.

तिने नाशिकलाच बीएस्सीला वनस्पतिशास्त्र घेतलं. तिन्ही विज्ञान अकादम्या मिळून उन्हाळी संशोधन फेलोशिप देतात, दोन महिन्यांची. बीएस्सीच्या मुलांनाही अर्ज करता येतो. पहिला अर्ज नाकारला गेला. दुसऱ्या खेपेला मिळाली. पहिले पंधरा दिवस नुसता मीडिया (पेशी, जंतू वाढवायचं खाद्य) बनवला आणि प्लेट्स ओतल्या, असं फोनवर कुरकुरत सांगत होती. आयआयटीतल्या एमएस्सीसाठी जॅम ही प्रवेश परीक्षाही दिली, त्यात नंबर मागे राहिला. आता पुण्याला एमएस्सी करतेय. पुढे काय होईल ते मलाही माहीत नाही.

गेल्या डिसेंबरात वडील पुन्हा आले. बरोबर भाचा, बारावी सायन्सचा, मान खाली घातलेला. खुर्चीत बसता बसता त्यांनी पहिलं विचारलं, "मॅडम, ते आयसरचे फॉर्म अजून निघायचेत ना?"