पालकाच्या चकत्या बुडत नसतील तर

प्रकाशसंश्लेषणात ऑक्सिजन तयार होतो हे दाखवणारा प्रयोग पहिल्यांदाच करताय, तर हायड्रिला या पाणवनस्पतीचे बुडबुडे मोजण्यापेक्षा पालकाच्या चकत्या घ्या. 300 मिली पाण्यात अर्धा ग्रॅम खायचा सोडा (दोन-तीन चिमटी) आणि भांडी घासायच्या लिक्विडचा एकच थेंब. जास्त झालं तर फेस होतो आणि चकत्या फेसाला चिकटून उगाच तरंगतात. कार्बन डायऑक्साइड सोड्यातूनच मिळतो.

जाड शिरा टाळून स्ट्रॉने दहा चकत्या पाडा. बिनसुईच्या 10 मिली सिरिंजमध्ये त्या द्रावणासह घाला, हवा बाहेर काढा, तोंडावर बोट दाबून दट्ट्या मागे ओढा. दहा सेकंद धरा, मग बोट सोडा. पर्णरंध्रांतून बारीक बुडबुडे निघताना दिसतात, त्या जागी द्रावण शिरतं आणि चकती बुडते. दोन-तीनदा करावं लागतं. जोर लावू नका, पेशी फाटतात.

आता चकत्या द्रावणाच्या पेल्यात घालून उजेडात ठेवा. तयार झालेला ऑक्सिजन पानातल्या पोकळ्यांत साठतो आणि चकत्या एकेक करून वर येतात. तुलनेसाठी जोडीला बिनसोड्याचा पेला हवाच. वर आलेल्या चकत्या अंधारात ठेवून बघा, हळूहळू पुन्हा बुडतात. श्वसन ऑक्सिजन वापरून टाकतं.