मातिसची कात्रणं पाहताना

फ्रेंच चित्रकार मातिसची कात्रणं, म्हणजे रंगवलेला कागद कापून चिकटवलेली चित्रं, समजून घ्यायला तुम्ही छान सुरुवात केलीत. फक्त प्रत्येक आकाराला 'हे कशाचं प्रतीक?' असं लगेच विचारू नका. नवखे इथेच अडकतात.

आधी आकार परत कुठे येतात ते बघा. शेवाळासारखं ते पान त्याच्या चित्रांत पुन्हा पुन्हा दिसतं. 1930 साली तो प्रशांत महासागरातल्या ताहिती बेटावर गेला होता. तिथला समुद्र 1946 च्या 'ओशनिया'त मासे, पक्षी, प्रवाळ होऊन उतरला. म्हणजे विषय आठवणीचा आहे, नुसत्या सजावटीचा नाही.

दुसरं, रिकामी जागा वाचा. 'स्विमिंग पूल'मध्ये (1952) निळा कागद कधी पोहणारं शरीर असतो, तर कधी पाणी; मग पांढरं तेच शरीर होतं. इथे मनसोक्त रेंगाळा, खरी गंमत इथेच आहे.

आणि दोन चुका टाळा:
- मातिसवर 1941 साली झालेल्या मोठ्या शस्त्रक्रियेमुळे सगळं दुःखाचंच असेल, असं धरून चालणं.
- छोट्या छपाईवरून मत बनवणं. त्याचं 'स्नेल' हे कात्रणचित्र पावणेतीन मीटरहून मोठं आहे!

रंगांचे सिद्धांत सध्या बाजूला ठेवा. एकच चित्र निवडा, दहा मिनिटं बघा आणि काय दिसलं ते लिहा.