एक्सएसएलटीच्या फाइलला 'शैलीपत्रक' म्हणायचं का?

प्रश्न असा आलाय की सीएसएसच्या (वेबपान कसं दिसावं ते सांगणारी भाषा) फाइलला स्टाइलशीट म्हणतात आणि एक्सएसएलटीच्या (एक्सएमएलवर, म्हणजे टॅग लावून साठवलेल्या माहितीवर, काम करणारी भाषा) फाइललाही स्टाइलशीटच म्हणतात, मग मराठी लेखात दोन्हीकडे 'शैलीपत्रक' लिहून टाकलं तर चालेल का.

माझ्या मते नको. सीएसएसला ठीक आहे (मला 'पत्रक' म्हटलं की निवडणूकच आठवते, पण ते सोडा). एक्सएसएलटीचं काम शैलीचं नाहीच.

समजा एक्सएमएलमधे पुस्तकांची यादी आहे, नाव, लेखक, किंमत वगैरे. सीएसएसने तुम्ही नाव ठळक कराल, किंमत लपवाल, फार तर तिच्याआधी रुपयाची खूण चिकटवाल, पण आतली रचना आहे तशीच राहते. सीएसएसच्या फ्लेक्स या मांडणीत 'ऑर्डर' देऊन क्रम बदललेला दिसतो हे खरंय, पण तो नुसता डोळ्यांना, स्क्रीन रीडर (स्क्रीनवरचा मजकूर मोठ्याने वाचणारा प्रोग्रॅम) सहसा मूळ क्रमानेच वाचत जातो. आता हीच यादी लेखकवार लावायची, खाली किमतींची बेरीज टाकायची, तर तिथे सीएसएस हात टेकतं. एक्सएसएलटी मूळ फाइल वाचून नवीनच डॉक्युमेंट तयार करतं, ते एचटीएमएल असेल, दुसऱ्या रचनेचं एक्सएमएल असेल नाहीतर साधा मजकूरसुद्धा, आणि मूळ फाइलला धक्काही लागत नाही. हे सरळ रूपांतर झालं.

मग नावात स्टाइलशीट आलं कुठून? एक्सएसएल ही मुळात छपाईसारखी मांडणी करण्यासाठीच निघालेली भाषा, नंतर तिच्यातला रूपांतराचा भाग वेगळा काढला आणि 1999 मधे एक्सएसएलटी 1.0 आलं, मांडणीचा भाग 2001 मधे आला. एक्सएसएलटी 1.0 चे संपादक जेम्स क्लार्क यांनी आधी एसजीएमएलसाठीच्या (एक्सएमएलच्या आधीची भाषा) डीएसएसएसएल या मानकावरही काम केलेलं आणि गंमत म्हणजे त्या 1996 च्या आयएसओ मानकात शैलीची भाषा आणि रूपांतराची भाषा असे दोन वेगळे भाग होतेच!

आणि खुद्द एक्सएसएलटीतच सगळ्यात वरचा टॅग 'स्टाइलशीट'ऐवजी 'ट्रान्सफॉर्म' असा लिहिला तरी चालतो, अर्थ तोच. म्हणून मी तरी 'रूपांतर-फाइल' लिहीन, आणि पहिल्यांदा येईल तिथे 'हिला स्टाइलशीटही म्हणतात' एवढं सांगून पुढे जाईन.